मावशीची उंची

मी एक जुना थिओडोलाइट आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. मी म्हणजे तीन पायांच्या तिवईवर बसणारी एक दुर्बीण आणि तिला जोडलेल्या पितळेच्या दोन चकत्या. आडव्या चकतीवर दिशा मोजायची, उभ्या चकतीवर उंचीचा कोन. नकाशा कचेरीच्या तळमजल्यावर, जिन्याशेजारच्या काचेच्या कपाटात मी उभा असतो. माझ्या एका बाजूला वाळूच्या लाल बादल्या आहेत, दुसऱ्या बाजूला शिपायाचं स्टूल. शाळेतून आलेली मुलं मला कॅमेरा समजतात. एकदा तर त्यांच्या बाईंनीच सांगून टाकलं, "हे जुन्या काळचं सिनेमाचं यंत्र." मला संताप आला होता. पण आता असलं काहीबाही ऐकून घ्यायची सवय झाली आहे. एके काळी मला केसाएवढी चूकसुद्धा खपत नसे.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, दोन खोल्या आणि एक पोटमाळा. माझ्या कारागिराला जाड भिंगांचा चष्मा होता आणि माझ्या चकतीवर रेघा कोरताना तो श्वाससुद्धा रोखून धरायचा. माझ्या दुर्बिणीत डोकावलंत तर मधोमध एकमेकींना छेदणाऱ्या दोन बारीक रेघा दिसतील. त्या रेघा नाहीत, कोळ्याच्या जाळ्याचे धागे आहेत. त्याच्याइतका बारीक आणि मजबूत धागा माणसाला तेव्हा बनवता येत नव्हता, म्हणून माझा कारागीर बरणीत कोळी पाळायचा. त्याची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "लोकांकडे कोंबड्या असतात. आमच्याकडे हे!"

मी तयार झालो तेव्हा कारागिराने मला मऊ फडक्याने पुसलं आणि शिसवी पेटीत ठेवलं. पेटीचं झाकण लावण्याआधी तो म्हणाला, "खरं तेवढंच दाखव." मला तेव्हा वाटलं, यात काय मोठंसं? खोटं दाखवायला मला येतंच कुठे?

कचेरीत आल्यावर मी मोजणीसाहेबांच्या ताब्यात गेलो. हे साहेब म्हणजे काटकुळा, उंच माणूस. चालताना पावलं मोजायचे, जेवताना घास मोजायचे आणि रागावले की आकडे पुटपुटायचे. त्यांचं लग्न झालं नव्हतं. स्वयंपाकी म्हणायचा, होणाऱ्या बायकोची उंची दोनदा मोजायला गेले असतील, ती पळून गेली असेल. साहेबांना हे माहीत होतं आणि ते स्वतःच हसून इतरांना सांगायचे.

मला पाठीवर वाहून न्यायचं काम एका डोंगरी हमालाकडे होतं. पाठीवर पेटी, पुढे वाकलेली मान आणि सावकाश चाल, म्हणून सगळे त्याला कासव म्हणायचे. साहेबांचं प्रेम उतू गेलं की ते त्याला कासवराव म्हणत. माझं वजन अठ्ठावीस शेर. ते घेऊन तो दगडांच्या उतरणीवरून असा जायचा, की माझी पातळी दाखवणाऱ्या नळीतला बुडबुडासुद्धा झोपून राहायचा. बसायची वेळ आली तर आधी मला टेकवायचा, मग स्वतः टेकायचा. पाऊस आला तर स्वतःची घोंगडी माझ्यावर घालायचा. त्याला वाचता येत नव्हतं. साहेबांनी मुक्कामाच्या संध्याकाळी, नावांची वही पुढे ठेवून, त्याला एकेक अक्षर शिकवलं. दोन हंगामांत तो अडखळत का होईना, वाचू लागला.

आता आमच्या कामाची एक पद्धत सांगतो. ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं दुःख तिच्यातूनच आलं. यंत्र कितीही चांगलं असलं तरी त्यात थोडी खोट असतेच. म्हणून प्रत्येक कोन दोनदा मोजायचा. एकदा दुर्बीण सरळ धरून, आणि एकदा तिला पालथी करून, चकती डावीकडची उजवीकडे आणून. सरळ धरल्यावर खोट एका अंगाला जाते, पालथी केल्यावर दुसऱ्या. दोन्ही आकडे मांडून मधला काढला की खोट आपोआप मिटते. एकच आकडा असेल तर ती मोजणी अर्धी. अर्धी मोजणी कचेरी घेत नाही, तिथे लाल शाईने "पुन्हा" असं लिहून वही परत पाठवते.

नावांचीही अशीच पद्धत होती. डोंगराकडे बोट दाखवून "हा अमुक डोंगर ना?" असं विचारायचं नाही. लोक भिडस्त असतात, हो म्हणून मोकळे होतात. "तो कोण?" एवढंच विचारायचं, तेही तीन वेगळ्या घरांत, तीन वेगळ्या वेळी. तिन्ही घरांतून एकच नाव आलं तर ते वहीत लिहायचं. नाहीतर डोंगराला नुसता क्रमांक.

आमच्या मुलखात दोन मोठे डोंगर समोर होते, रोज दिसणारे. त्या दोघांच्या मधल्या फटीतून, पंचेचाळीस मैलांवर, एक पांढरं टोक कधीमधी दिसे. कधीमधी म्हणजे वर्षातून चार-पाच दिवस, वारा फिरला आणि हवा धुतल्यासारखी झाली की. मग ते पुन्हा वर्षभर ढगात. त्याच्या जवळ जायची वाट दरडीखाली गाडली गेली होती. दोन ठिकाणांहून आम्ही त्याची दिशा पकडली होती, त्यामुळे नकाशावर त्याचा ठिपका कुठे टाकायचा हे ठरलं होतं. उंची मात्र ढगांनी मोजू दिली नव्हती. वहीत त्याचं नाव होतं, क्रमांक एक्केचाळीस.

त्या फटीसमोरचं शेवटचं गाव कासवाचं. बारा घरं, दगडी कुंपणं आणि मेंढ्या. साहेबांनी पद्धतीप्रमाणे पहिल्या घरात विचारलं, "ते मागचं पांढरं टोक कोण?"

"ती होय? ती मावशी."

साहेबांना वाटलं, चेष्टा करतायत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरात विचारलं. तिथेही "मावशी". तिसरं घर कासवाचंच. त्याची आई उंबऱ्यात लोकर पिंजत बसली होती. डोळे अधू झालेले, पण जीभ तल्लख.

"आजी, ते मागचं टोक कोण?"

"दिसतंय का आज?" तिने काम थांबवून विचारलं. "मला दिसत नाही आता. दिसत असेल तर ती मावशी आहे."

"कोणाची मावशी?"

"ह्याची," तिने कासवाकडे मान वळवली. "आणि ह्याच्या बहिणींची. मी त्या डोंगराच्या पलीकडची आहे, बाबा. आठ दिवसांची वाट होती. लग्न होऊन आले, आणि दोन वर्षांत दरड कोसळून वाट बंद झाली. पलीकडे माझी थोरली बहीण. आई लहानपणी गेली आमची, तिनंच मला वाढवलं. माझी पोरं विचारायची, आमची मावशी कशी आहे? मी म्हणायची, ते बघा, तिथं राहते. तिला पण पलीकडून हाच डोंगर दिसतो. मग पोरं वारा फिरला की ओरडायची, मावशी आली, मावशी आली! गावातल्या पोरांनीही तेच उचललं. आता सगळे म्हणतात. का म्हणतात ते कुणाला ठाऊक नाही."

"आणि बहीण?"

"पंधरा वर्षांनी एक मीठवाला लांबून फिरून आला. त्याच्याकडून कळलं, ती गेली म्हणून. कधी गेली, कशानं गेली, त्याला काही माहीत नव्हतं." ती पुन्हा लोकर पिंजू लागली. "तिचं एक लुगडंसुद्धा नाही माझ्याकडे. डोंगर आहे तेवढा."

साहेबांनी वहीत लिहिलं. आजीने त्यांच्या बोरूचा आवाज ऐकला. ती म्हणाली, "कागदावर लिहिलंस ते राहील ना? मी गेल्यावरही?"

"नकाशा छापतात, आजी. मग ते सगळीकडे जातं. मी स्वतः तुम्हाला आणून दाखवीन."

"बघ हं. मला घाई आहे."

मित्रांनो, त्या दिवशी मी पेटीत, उघड्या झाकणाखाली बसून हे सगळं ऐकलं. एक दिशा आणि एक उंची यांच्यापलीकडे डोंगराला काही असतं, हे मला पहिल्यांदाच कळलं.

दहाव्या हंगामात आम्ही त्या गावाच्या वर, दोन दिवसांच्या चढावर असलेल्या एका सपाट खडकाकडे निघालो. तिथून क्रमांक एक्केचाळीस सगळ्यांत चांगला दिसतो असं गावकरी सांगत. साहेब आणि स्वयंपाकी पुढे गेले होते. कासव मला घेऊन मागून येत होता. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक दगड त्याच्या पायाखालून सरकला. दहा वर्षांत पहिल्यांदाच. तो गुडघ्यावर आला आणि माझी पेटी खडकाच्या कडेवर आपटली.

आवाज मोठा झाला नाही. त्याने घाईघाईने पट्टे सोडले, पेटी उघडली, मला सगळीकडून पाहिलं. काच शाबूत, चकत्या शाबूत, कोळ्याचे धागे शाबूत. त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, तिकडे त्याचं लक्षही नव्हतं. "काही नाही झालं," तो मला म्हणाला. "काही नाही झालं ना रे?"

झालं होतं. माझ्या उभ्या चकतीजवळ एक बारीकशी खूणपट्टी असते, तिच्यासमोर आकडा वाचायचा. ती अगदी कणभर वाकली होती. डोळ्याला दिसणार नाही इतकी. मला कळत होतं, सांगता येत नव्हतं.

साहेबांना सांगायचं, असं ठरवूनच कासव वर पोचला. पण वर गेल्यावर काय? स्वयंपाक्याने त्याच दिवशी चहाची किटली दरीत पाडली होती आणि साहेब त्याची फिरकी घेत होते. कासवाला पाहताच ते म्हणाले, "ह्याच्याकडून शीक जरा! दहा वर्षं झाली, पेटीला ओरखडा नाही. कासवरावांच्या पाठीवर यंत्र म्हणजे घरच्या कपाटात ठेवल्यासारखं." स्वयंपाक्याने कासवाला कोपरापासून हात जोडले. सगळे हसले. कासवही हसला, आणि सांगायचं राहूनच गेलं. कुणी आपलं कौतुक करत असताना खरं बोलणं किती अवघड असतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

साहेब रोज सकाळी काम सुरू करण्याआधी जवळच्या एखाद्या खुणेवर माझी तपासणी करत. दुसऱ्या सकाळी ती करायला वेळच मिळाला नाही. तिवई लावतोय तोच फटीतले ढग बाजूला झाले आणि ती दिसली. पांढरी, स्वच्छ, एका खांद्याने किंचित कललेली. साहेबांनी श्वास रोखून माझी दुर्बीण तिच्यावर लावली. कासव माझ्यावर छत्री धरून उभा होता. साहेबांनी आकडा वाचला, वहीत लिहिला, दुर्बीण पालथी केली आणि पुन्हा डोळा लावला तर समोर नुसता ढग.

तीन दिवस आम्ही थांबलो. ती आली नाही. चौथ्या दिवशी शिधा संपला.

कासवाला वाटलं, बरंच झालं. मोजणी अर्धी आहे, कचेरी "पुन्हा" लिहील, पुढच्या वर्षी परत यायचंय. तोवर साहेबांना एकट्याला गाठून सांगू. त्याने मनाशी असं ठरवलं आणि सामान बांधायला गेला.

तेवढ्यात तंबूत साहेबांनी वही उघडली. एका आकड्याची जागा रिकामी होती. ते बराच वेळ त्या जागेकडे बघत बसले. पुढच्या हंगामाआधीच नकाशाचा ताव छपाईला जाणार होता, तोवर उंची मिळाली नाही तर क्रमांक एक्केचाळीस नकाशातून गळणार होता. खालच्या गावात एक म्हातारी वाट बघत होती आणि तिला घाई होती. मित्रांनो, माझ्या सरळ आणि पालथ्या आकड्यात नेहमी किती फरक पडतो, हे साहेबांना दहा वर्षांत तोंडपाठ झालं होतं. त्यांनी तो फरक पहिल्या आकड्यात मिळवला आणि रिकाम्या जागी लिहून टाकला. आयुष्यात न पाहिलेला एकच आकडा त्यांनी लिहिला, तोही माझ्या भरवशावर.

त्यांना माझ्या पडण्याची खबर असती तर त्यांनी तो लिहिला नसता. आणि साहेब असं लिहितायत हे कासवाला कळलं असतं तर तो धावत येऊन सगळं सांगून मोकळा झाला असता. दोघांमध्ये तंबूचं एक कापड होतं. मी त्या कापडाच्या आत बसलो होतो, आणि मला तोंड नव्हतं.

हंगाम संपल्यावर मी नेहमीप्रमाणे कोठारात दुरुस्तीच्या कारागिराकडे गेलो. त्याने मला तपासलं, वाकलेली पट्टी सरळ केली आणि आपल्या वहीत एक ओळ लिहिली. वर आकडेमोड करणाऱ्या खोलीत साहेबांची वही गेली. या दोन वह्या एका टेबलावर कधीच आल्या नाहीत.

आठ दिवसांनी वरच्या खोलीतून एकच गलका ऐकू आला. क्रमांक एक्केचाळीस मुलखातला सगळ्यांत उंच डोंगर निघाला होता! आजवरच्या सगळ्यांत उंच डोंगरापेक्षा एकशेतीस फूट जास्त. दोघांनी वेगवेगळं गणित करून पाहिलं, उत्तर तेच. साहेबांना लोकांनी खांद्यावर घेतलं. बड्या साहेबांच्या खोलीत मला टेबलावर मांडून आम्हा दोघांचा फोटो काढला. फोटो झाल्यावर बडे साहेब म्हणाले, "याला आता नाव हवं. आपल्या आधीचे प्रमुख यंदा निवृत्त झाले. त्यांचं नाव देऊ. चाळीस वर्षांची सेवा आहे."

"पण तिला नाव आहे, साहेब," मोजणीसाहेब म्हणाले. "तीन घरांत विचारून घेतलंय. वहीत आहे."

बड्या साहेबांनी वही पाहिली आणि मोकळेपणाने हसले. ते दुष्ट नव्हते. "मावशी? अहो, मुलखातलं सगळ्यांत उंच शिखर हे! उद्या लांबलांबचे लोक विचारतील, तर काय सांगायचं, मावशी?"

"हो, साहेब."

"एखादी टेकडी असती ना, तर मी डोळे झाकून सही केली असती. या उंचीला ते नाव शोभत नाही."

साहेबांनी तोंड उघडलं. दुसरा आकडा मी पाहिलेला नाही, उंचीची खात्री नाही, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ताव थांबला असता आणि शिखर पुन्हा साधं झालं असतं. दाराशी सगळे सहकारी उभे होते. "वहीत खोटा आकडा नाही असा एकच माणूस आहे आपल्यात," कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणालं. साहेबांनी तोंड मिटलं.

पुढच्या हंगामात छापलेला नकाशा घेऊन आम्ही त्या गावात गेलो. कासव वाटेत आम्हाला येऊन मिळाला होता, पण साहेब त्याला एकटे सापडले नव्हते. त्याने मला पाठीवरून उतरवून उंबऱ्याशी ठेवलं. आजी अंथरुणाला खिळली होती. साहेबांचा आवाज ऐकताच ती उठून बसायची धडपड करू लागली.

"आणलास? छापलं?"

"आणलंय, आजी."

"कुठं लिहिलंय? माझं बोट ठेव तिथं."

साहेबांनी घडी उलगडली. कासव आईच्या पाठीला आधार देऊन बसला होता, त्याची नजर नकाशावर गेली. त्याचे ओठ हलताना मी पाहिले. एकेक अक्षर जुळवत त्याने ते नाव वाचलं आणि मान वर केली. साहेबांनीच त्याला वाचायला शिकवलं होतं. तो वाचतोय, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी आजीचं बोट उचललं आणि त्या नावावर ठेवलं.

"काय लिहिलंय? वाच ना," आजी म्हणाली.

साहेबांनी त्या नावाकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "मावशी."

आजीने बोट पहिल्या अक्षरावरून हळूहळू शेवटपर्यंत नेलं. नाव कुठे संपतं ते तिला दिसत नव्हतं. साहेबांनी सांगितलं तिथे तिचं बोट थांबलं. "अगं बाई! एवढं लांब? मावशी एवढं लांब लिहितात?"

साहेबांनी खाली पाहिलं. उत्तर कासवाने दिलं.

"छापताना अक्षरं ऐसपैस घेतात, आई. मोठा डोंगर आहे ना."

"असं होय?" ती हसली. तिने आपल्या फडक्याने बोट पुसलं, कागद मळू नये म्हणून, आणि पुन्हा त्या नावावर ठेवलं. "ताई, बघितलंस का," ती म्हणाली. "छापून आलीस तू."

मी पितळेचा आहे, मित्रांनो. माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही. पण त्या घरात माझ्या दुर्बिणीतून कुणी पाहिलं असतं तर त्याला काही नीट दिसलं नसतं, असं मला अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी निघून, दोन दिवस चढून आम्ही त्या सपाट खडकावर पोचलो. साहेबांच्या मनाला चैन नव्हतं, त्यांना उंची पुन्हा मोजायची होती. त्या वर्षी आभाळ उदार झालं, चार दिवस ती समोर उभी होती. साहेबांनी मला सरळ आणि पालथं करून सोळा वेळा मोजायला लावलं. मग खडकावर बसून गणित मांडलं. मागच्या आकड्यापेक्षा जवळजवळ तीनशे फूट कमी! सगळ्यांत उंच नव्हतीच ती. एक साधं, लांबचं, इतरांसारखंच शिखर, ज्याला मावशी म्हणून चाललं असतं.

साहेबांचा चेहरा पाहून उंची चुकली होती हे कासवाला कळलं. त्याला वाटलं, आपल्यामुळे. साहेबांना वाटलं, आपल्यामुळे. दोघं एकाच खडकावर, हातभर अंतरावर बसले होते. आजीसमोर दोघांनी मिळून जे केलं होतं, त्यानंतर आता तोंड कसं उघडायचं हे दोघांनाही कळेना. "निघायचं का?" साहेब म्हणाले. "निघू या," कासव म्हणाला. एवढंच बोलणं झालं.

रस्त्याला लागल्यावर कासवाने मला खाली ठेवलं. पेटीवर एकदा तळहात ठेवून तो "आईकडे बघायला हवं" असं काहीसं म्हणून वळला. तो पुन्हा कामावर आला नाही. साहेबांनी दोन पत्रं पाठवली, त्यांत फक्त प्रकृतीची चौकशी होती. उत्तर आलं नाही. साहेबांची समजूत झाली, आपण त्याच्या आईला फसवलं म्हणून त्याने तोंड फिरवलं. तिकडे तो काय समजत असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

साहेबांनी कचेरीत सगळं कबूल केलं. न पाहिलेला आकडा आपण लिहिला, असं लेखी दिलं. पण तेवढ्याने एवढा फरक कसा पडला, म्हणून चौकशी झाली आणि कोठाराची वही वर आली. त्यात ती ओळ होती: उभ्या चकतीची खूणपट्टी वाकलेली, सरळ केली. साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी डोळे मिटले. कुणाच्या पाठीवरून आणि कुठल्या चढावर, हे त्यांना उमगलं होतं.

"यंत्र पाडलं कुणी?" बड्या साहेबांनी विचारलं.

"माझ्याच हातून निसटलं," मोजणीसाहेब म्हणाले.

उंची दुरुस्त झाली. नाव तसंच राहिलं. ज्यांचं नाव दिलं ते प्रमुख दरम्यान वारले होते, त्यांच्या घरच्यांना काय वाटेल? साहेबांनी पुन्हा पुन्हा अर्ज केले. एका अर्जावर उत्तर आलं की नावात बदल करण्याइतकं हे शिखर आता महत्त्वाचं राहिलेलं नाही. साहेबांना डोंगरावरून काढून टेबलावर बसवलं. त्यांच्याबरोबर मलाही कामातून काढलं आणि या कपाटात ठेवलं. रोज घरी जाताना ते माझ्यासमोर घटकाभर थांबायचे. मग ते निवृत्त झाले आणि एका थंडीत गेले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक वाकलेला म्हातारा कचेरीत आला. चाल ओळखीची होती. त्याने शिपायाला मोजणीसाहेबांबद्दल विचारलं. शिपायाने सांगितलं, गेले. म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, "आई गेली तेव्हाच यायला हवं होतं मी. समाधानानं गेली ती. एवढं तरी त्यांना सांगायचं होतं." नंतर माझ्याकडे बोट करून त्याने चाचरत विचारलं, "हे यंत्र... कुणी पाडलं, असं काही म्हणायचे का ते?"

"साहेबांनीच पाडलेलं ना," शिपाई म्हणाला. "सगळ्यांना सांगायचे, माझ्याच हातून पडलं म्हणून. बढती गेली त्यांची."

कासव शिपायाच्या स्टुलावर बसला. त्याने काचेवर तळहात ठेवला आणि मला म्हणाला, "मी पाडलं होतं रे. मी." हे तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होता, आणि ज्याने ऐकायचं तो नव्हता. साहेबांनी रिकाम्या जागी आकडा भरला होता, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नाही. सगळं आपल्यामुळेच झालं असं समजून तो उठला. त्याच्या पाठीवरचं अर्धं ओझं त्याचं नव्हतंच. मला ते ठाऊक होतं. तो दारातून बाहेर गेला आणि मी बघत राहिलो.

म्हणून तुम्हाला एक कळकळीचं सांगणं आहे, मित्रांनो. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या हातून काही पडलं, चुकलं, राहून गेलं, तर त्याच दिवशी सांगून टाका. लोक कौतुक करत असतील तर त्या कौतुकाच्या मध्येच सांगा. ओरडा बसेल, मान खाली जाईल, चार दिवस कुणी बोलणार नाही. बसू दे. कोठारातल्या त्या कारागिराला माझी पट्टी सरळ करायला किती वेळ लागला होता, माहीत आहे? अर्धा दिवस. त्यातच तो जेवलाही होता.